काडी, शिक्का आणि कागद

२६ नोव्हेंबर २०२१. दक्षिण आफ्रिकेहून निघालेली केएलएमची दोन विमाने ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरली, तोवर खाली सगळे नियम बदलून गेले होते. विमाने हवेत असतानाच नेदरलँड्स सरकारने त्या भागातून येणाऱ्या उड्डाणांवर बंदी जाहीर केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने नव्या विषाणूप्रकाराला ‘ओमिक्रॉन’ हे नाव दिले तेही त्याच दिवशी. ६२४ प्रवाशांना आधी विमानातच आणि मग विमानतळावरच्या एका दालनात तासन्‌तास बसवून ठेवले. प्रत्येकाचा स्वॅब घेतला गेला आणि ६१ जण पॉझिटिव्ह निघाले. विमानात चढताना यांतल्या प्रत्येकाकडून लसीचा दाखला किंवा निगेटिव्ह रिपोर्ट मागितलेला होता. पुढे जनुकीय तपासणी झाली तेव्हा डझनाहून अधिक जणांत ओमिक्रॉनच असल्याचे स्पष्ट झाले.

चार दिवसांनी नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने आणखी एक गोष्ट जाहीर केली. देशातच घेतलेले जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत ओमिक्रॉन मिळाला होता. ज्याला विमानतळावर अडवायचा एवढा खटाटोप चालला होता, तो त्याच्या आठवडाभर आधीच देशात वावरत होता.

विमानतळांवर तीन वर्षे चाललेल्या तपासण्यांकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालत नाही. कोट्यवधी प्रवाशांच्या नाकात काड्या घातल्या गेल्या, हातांवर शिक्के उमटले, क्यूआर कोडचे कागद तपासले गेले. सरकारे सांगत होती, हे सगळे विषाणूला बाहेर ठेवण्यासाठी आहे. ते काम या तपासणीला क्वचितच जमले. तिला दुसरे एक काम चांगले जमत होते, पण त्याकडे आपले लक्ष जरा उशिराच गेले.

कपाळावरची बंदूक

सुरुवात ताप मोजण्यापासून झाली. जानेवारी २०२० च्या मध्यावर मुंबई, दिल्ली आणि कोलकाता विमानतळांवर चीनहून येणाऱ्यांचे तापमान पाहायला सुरुवात झाली आणि काही दिवसांत चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, कोची ही नावे यादीत आली. संशयितांचे नमुने जायचे पुण्याला, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत.

या उपायाचा इतिहास मुळात फारसा आशादायक नव्हता. २००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँग, चीन, सिंगापूर आणि कॅनडात येणाऱ्या साडेतीन कोटींहून अधिक प्रवाशांचे तापमान यंत्रांनी मोजले गेले होते. त्यात सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. सार्समध्ये निदान माणूस आजारी पडल्यावर जास्त संसर्ग पसरवायचा. कोविडमध्ये लक्षणे दिसायच्या आधीच तो पसरवत होता आणि कित्येकांना ताप येतच नव्हता. ज्यांना यायचा, त्यांना उतरण्यापूर्वी पॅरासिटामॉलची एक गोळी पुरेशी होती. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात निश्चित झाला. वुहानहून परतलेली ती विद्यार्थिनी विमानतळावरच्या यंत्राला सापडली नव्हती. घरी पोचल्यावर लक्षणे दिसली आणि मग तपासणी झाली.

महाराष्ट्राचे पहिले रुग्ण म्हणजे पुण्याचे एक जोडपे. दुबईची सहल करून हे जोडपे १ मार्चला मुंबईला उतरले आणि टॅक्सीने पुण्याला गेले. सगळ्याच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी करायचा केंद्राचा निर्णय आला ४ मार्चला. ९ मार्चला दोघांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि पाठोपाठ त्यांना घेऊन गेलेल्या टॅक्सीचालकाचाही. आपली यादी चीन आणि शेजारच्या देशांवर रोखलेली होती आणि विषाणू आला दुबईमार्गे, सहलीच्या बॅगांबरोबर.

मग १६ मार्चला राज्य सरकारने शिक्क्याचा निर्णय घेतला. घरीच विलगीकरणात राहायला सांगितलेल्या प्रवाशाच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या न पुसणाऱ्या शाईने, तारखेसह शिक्का. मुंबईतल्या शिक्क्यावर ‘मुंबईकरांचे रक्षण करताना अभिमान वाटतो’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. दोनच दिवसांत जर्मनीहून आलेले चार जण गरीबरथने सुरतेकडे निघाले. सहप्रवाशांना त्यांच्या हातांवरचे शिक्के दिसले, आरडाओरडा झाला आणि त्यांना पालघरला उतरवण्यात आले. आरोग्य खात्यासाठी केलेली खूण डब्यातल्या लोकांनी आरोपासारखी वाचली.

मुंबई जेव्हा ‘धोक्याचे शहर’ होती

प्रवाशाला संशयित मानण्याची ही रीत मुंबईला नवी नव्हती. १८९६ मध्ये शहरात प्लेग शिरल्यावर रेल्वे स्थानकांवर आणि बंदरांत प्रवाशांची अंगे तपासली जात, काखेत-जांघेत गाठ आहे का ते पाहिले जाई. बायकांच्या तपासणीवरून लोकांत किती संताप होता हे त्या वेळची वर्तमानपत्रे सांगतात. मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला युरोपीय देशांनी प्लेगसंबंधी करार केला, तो मुंबईहून जाणाऱ्या जहाजांच्या धास्तीने. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजेही बंद झाली. साथरोग प्रतिबंधक कायदा त्याच वर्षीचा. मार्च २०२० मध्ये राज्याने जो लागू केला, तो हाच.

विमानांचा जमाना आला तेव्हा १९३३ साली हेगला हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आरोग्य करार झाला. पीतज्वराचे पिवळे कार्ड आजही त्या परंपरेतले. पीतज्वर असलेल्या देशांत जाऊन आलेल्याकडे लसीचा दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. पण पिवळ्या कार्डात तपासायचे असते ते फक्त लस घेतली की नाही एवढेच, आणि एकदा लस घेतली की विषय संपला. कोविडच्या कागदाला ही स्थिरता कधी आलीच नाही, कारण त्यावर लिहिलेले असायचे ते एका विशिष्ट क्षणी नाकात काय होते, एवढेच.

चाळीस फेऱ्या

तो क्षण जरा जवळून पाहायला हवा. काडी नाकातून आत, घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते, फिरवली जाते आणि गुलाबी द्रवाच्या नळीत टाकून खटकन मोडली जाते. नळीवर बारकोड चिकटतो. प्रयोगशाळेत त्या द्रवातून आरएनए वेगळा काढतात, त्याचा डीएनए करून घेतात आणि मग यंत्रात तापवणे-थंड करणे सुरू होते. दर फेरीत विषाणूच्या ठरावीक तुकड्यांची संख्या साधारण दुप्पट होते. आरटी-पीसीआर नावाच्या या चाचणीच्या चाळीस फेऱ्यांत कितव्या फेरीला प्रकाशाचा संकेत उमटला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा लहान असेल तर विषाणू जास्त.

सीटीवरून राज्यात एक वादही झाला. २४ च्या वर सीटी असलेल्यांना निगेटिव्ह मानावे का, अशी विचारणा महाराष्ट्राने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे (आयसीएमआर) केली होती. तसे केले तर कित्येक संसर्गक्षम रुग्ण सुटतील, मर्यादा ३५ चीच ठेवा, असे उत्तर २०२१ मध्ये आले. दुसऱ्या बाजूला, बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण चाचणीला मेलेल्या विषाणूचे तुकडेही दिसतात. त्यामुळे निरोगी माणूस विमानतळावर अडकायचा आणि कालच लागण झालेला सुटायचा.

सुटण्याचे प्रमाण किती? जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मे २०२० मध्ये त्याचा अंदाज मांडला होता. लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणी केली तर ती निगेटिव्हच येणार. चौथ्या दिवशीही शंभरातले ६७ सुटतात. सर्वसाधारणपणे पाचव्या दिवशी लक्षणे दिसू लागतात, तेव्हा ३८. सर्वांत भरवशाचा आठवा दिवस, तरी त्या दिवशीही २० सुटतात. आता यावर ‘७२ तासांच्या आतला रिपोर्ट’ हा नियम ठेवून पाहा. सोमवारी नमुना दिला, मंगळवारी बाजारात गेलो, बुधवारी नातलगांचा निरोप घेतला आणि गुरुवारी विमानात बसलो. कागद सोमवारचा, नाक गुरुवारचे.

४ एप्रिल २०२१ ला दिल्लीहून हाँगकाँगला गेलेल्या एका विमानातले पन्नासाहून अधिक प्रवासी तिथल्या सक्तीच्या विलगीकरणात पॉझिटिव्ह निघाले. सगळ्यांकडे निगेटिव्ह रिपोर्ट होते. २० एप्रिलपासून हाँगकाँगने भारतातून येणारी विमानेच बंद केली. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये दुबईहून ऑकलंडला गेलेल्या विमानातल्या सात जणांना लागण झाल्याचे न्यूझीलंडला आढळले. जनुकीय क्रम जुळवून आणि कोण कुठल्या आसनावर होते ते पाहून, प्रवासातच संसर्ग पसरल्याचा निष्कर्ष तिथल्या शास्त्रज्ञांनी काढला. सातांपैकी पाच जणांनी निघण्यापूर्वी चाचणी केली होती आणि ती निगेटिव्ह होती. या दोन्ही वेळी प्रवासी सापडले ते उतरल्यावर त्यांना थांबवून ठेवून पुन्हा तपासल्यामुळे.

आइसलँडनेही हेच शिकून घेतले. १५ जून २०२० पासून केफ्लाविक विमानतळावर येणाऱ्यांना विलगीकरणाऐवजी चाचणीचा पर्याय होता. एका चाचणीत सुटलेले प्रवासी गावात संसर्ग नेतात हे दिसल्यावर १९ ऑगस्टपासून दोन चाचण्या आणि मध्ये पाच दिवस विलगीकरण, असा नियम झाला. जमेची बाजू त्या मधल्या पाच दिवसांची होती. साडेतीन लाखांवर वस्तीच्या, एका मुख्य विमानतळाच्या बेटाला हे झेपले. मुंबईला असे पाच दिवस प्रत्येकाला देणे कठीणच. पालिकेने काही काळ युरोप, आखात आणि दक्षिण आफ्रिकेहून येणाऱ्यांना हॉटेलांत ठेवले खरे, पण जानेवारी २०२१ मध्ये पैसे घेऊन प्रवाशांना त्यातून सोडवणारे पकडले गेले आणि त्यांत पालिकेचाच एक अभियंता निघाला.

सहा तासांचे गणित

चाचणीचा खरा भार कुणावर पडला हे पाहायचे तर स्किपोल सोडून रत्नागिरी-रायगडच्या गावांकडे वळावे लागते. तिथल्या कित्येक घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. ५ ऑगस्ट २०२१ पासून संयुक्त अरब अमिरातीने भारतात अडकलेल्या आपल्या रहिवासी परवानाधारकांना परत घ्यायला सुरुवात केली. अटी अशा: ४८ तासांच्या आतला क्यूआर कोड असलेला आरटी-पीसीआर रिपोर्ट, विमानतळावर उड्डाणापूर्वी चार तासांच्या आत रॅपिड पीसीआर (पुढे ही मुदत सहा तासांची झाली) आणि दुबईत उतरल्यावर आणखी एक चाचणी.

दुबईत कामाला असलेल्या खाडीकाठच्या एखाद्या माणसाचा हिशोब मांडून बघा. विमान पहाटे चारचे. आदल्या रात्री दहाच्या आधी दिलेला रॅपिडचा नमुना चालणार नाही. चेक-इनचा काउंटर तीनला बंद. मधल्या पाच तासांत रांग, पैसे भरणे, काडी, निकालाची वाट, छापील कागद आणि सामान. ४८ तासांचा रिपोर्ट त्याच्या आधीच हातात हवा, म्हणजे नमुना दोन दिवस आधी द्यायचा, पण फार आधीही नाही. गावाजवळच्या लॅबचा निकाल वेळेत येईल का, त्यावर क्यूआर कोड असेल का, हे विचारत फिरायचे. आणि रात्री अकराला निकाल पॉझिटिव्ह आला तर? तिकीट गेले, रुजू होण्याची तारीख गेली, आणि बाहेर घरचे लोक सामानाच्या ट्रॉलीजवळ उभे.

या रॅपिड चाचणीचे मुंबई विमानतळावर ४,५०० रुपये पडत. योगायोग असा की मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने खासगी प्रयोगशाळांतल्या चाचणीला घातलेली कमाल मर्यादाही ४,५०० रुपयेच होती. विमानतळाबाहेर राज्य सरकारने ती जून २०२० मध्ये २,२०० वर, डिसेंबरात ७०० वर आणि मार्च २०२१ अखेर ५०० वर आणली. डिसेंबर २०२१ मध्ये बाहेरचा दर ३५० झाला, तेव्हा राज्यातल्या विमानतळांवरच्या रॅपिडचा ३,९०० झाला. तंत्र वेगळे हे मान्य. रॅपिडमधल्या काही यंत्रांना तापवणे-थंड करणे लागत नाही, ती एकाच तापमानावर तेरा मिनिटांत निकाल देतात आणि त्यांची एकदाच वापरायची काडतुसे महाग असतात. तरीही बाहेरच्या दराच्या नऊ-अकरा पट पैसे मोजणारा माणूस दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. दुबईने ही अट काढली ती फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस.

गोव्यात दाबोळी विमानतळावर मे २०२० मध्ये प्रवाशापुढे उघडच तीन वाटा ठेवल्या होत्या: निगेटिव्ह दाखला आणा, दोन हजार रुपये भरून इथे चाचणी करा किंवा चौदा दिवस घरात बसा. ज्याच्याकडे पैसे त्याची सुट्टी लगेच सुरू. कागदालाच किंमत आल्यावर खोटे कागदही निघाले. फोटोशॉप केलेले रिपोर्ट घेऊन आलेले प्रवासी आणि ते बनवून देणारे ठिकठिकाणी पकडले गेले. अमृतसरला ६ जानेवारी २०२२ रोजी इटलीहून आलेल्या विमानातले १७९ पैकी १२५ प्रवासी पॉझिटिव्ह ठरले, तेव्हा प्रवाशांनी गोंधळ घातला आणि चाचणीवरच शंका घेतली गेली. निकालाला दरवाजा उघडणारा कागद मानल्यावर त्यावर कुणाचा विश्वास उरत नाही.

डोंबिवलीचा नमुना

आता तपासणीला चांगल्या जमणाऱ्या त्या दुसऱ्या कामाकडे येऊ. डोंबिवलीचा एक तरुण मरिन इंजिनिअर नोव्हेंबर २०२१ मध्ये केपटाउनहून दुबई आणि दिल्लीमार्गे मुंबईला आला. दिल्लीत त्याचा स्वॅब घेतला गेला आणि निकाल यायच्या आत तो पुढच्या विमानात बसला. अडवण्याच्या दृष्टीने पाहिले तर तपासणी पार फसली. पण नमुना प्रयोगशाळेत राहिला होता. तो पॉझिटिव्ह निघाला, जनुकीय क्रम लावला गेला आणि ४ डिसेंबरला महाराष्ट्राला कळले की ओमिक्रॉन राज्यात आहे. त्याच्या संपर्कातल्यांचा माग काढून तपासण्या झाल्या. सगळे निगेटिव्ह आले. दोनच दिवस आधी कर्नाटकात देशातले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले होते. त्यांतले एक डॉक्टर परदेशात गेलेलेच नव्हते. म्हणजे इथेही विषाणू दारातून कधीच आत आला होता, पण त्याची ओळख पटायला विमानतळावरचे नमुने कामी येत होते. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयाची जनुकीय क्रमनिर्धारण प्रयोगशाळा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली होती; एका वेळी ३८४ नमुने लावता येतील एवढी तिची क्षमता.

त्या आठवड्यात सरकारे मात्र अडवण्याच्याच नियमांवर भांडत होती. ३० नोव्हेंबरला राज्याने केंद्राहून कडक नियम काढले, केंद्राच्या आरोग्य सचिवांनी ते एकसारखे करा असे पत्र पाठवले, दोन दिवसांत राज्याने बदल केले आणि प्रवासी मधल्या मधे कुठला आदेश खरा ते विचारत राहिले.

अमेरिकेत याच सुमारास वेगळा प्रयोग चालू होता. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीपासून न्यूयॉर्क, नेवार्क आणि सॅन फ्रान्सिस्कोला भारतातून थेट येणाऱ्या विमानांतल्या प्रवाशांना उतरल्यावर विचारले जाई: स्वेच्छेने नमुना देता का? प्रवासी स्वतःच नाकात काडी फिरवून देत. पुष्कळांचे नमुने एकत्र करून तपासत. कुणाला अडवत नव्हते. पुढे हा कार्यक्रम इतर देशांच्या विमानांपर्यंत वाढला. ओमिक्रॉनचा बीए.२ हा उपप्रकार अमेरिकेत इतर कुठे नोंदला जाण्याच्या सात दिवस आधी या नमुन्यांत सापडला आणि बीए.३ तर ४३ दिवस आधी. मुंबई-दिल्लीहून गेलेल्या आपल्याच माणसांपासून ही पद्धत सुरू झाली, हे इथे फारसे कुणाला ठाऊक नाही.

त्याहून कमी त्रासाची पद्धत शौचालयाची. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्सहून आलेल्या विमानांच्या शौचालयांचे सांडपाणी, ते उपसणाऱ्या गाडीला नळी जोडतानाच, काही मिनिटांत नमुन्यासाठी घेतले गेले. ८० नमुन्यांपैकी ६५ मध्ये विषाणू सापडला. कुणाचे नाव विचारावे लागले नाही, कुणाला रांगेत उभे राहावे लागले नाही, कुणाचे तिकीट बुडाले नाही.

भारतानेही डिसेंबर २०२२ मध्ये या दिशेने पाऊल टाकले. चीनमध्ये लाट उसळल्यावर २४ तारखेपासून आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी दोन टक्के निवडून तपासायला सुरुवात झाली. नमुना दिला की घरी जायची मुभा होती. पहिल्या अकरा दिवसांत १९,२२७ जण तपासले गेले, १२४ पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांच्या नमुन्यांत ओमिक्रॉनचे ११ उपप्रकार मिळाले. हजारात सहा-सात जण सापडले, तरी येणाऱ्या विषाणूत काय काय आहे ते कळायला तेवढे पुरले. जुलै २०२३ मध्ये हेही थांबले.

पुढची साथ कुठल्या विषाणूची असेल ते ठाऊक नसले तरी तिच्या पहिल्या आठवड्यात काय होईल हे सांगता येते. लोक विचारतील, विमानतळावर तपासणी का नाही? आणि कुठलेही सरकार असो, ते घाईने तपासणी लावेल, कारण टीव्हीवर दिसणारी ती सर्वांत सोपी कारवाई आहे. लावूही द्यावी. मात्र तेव्हा नागरिकांनी आकडे मागावेत: किती नमुन्यांचा जनुकीय क्रम लावला, तो कुठल्या प्रयोगशाळेत, आणि निकाल जाहीर व्हायला किती दिवस गेले. यांची उत्तरे मिळत नसतील तर तो नुसता देखावा समजावा.

आणि पैशांचेही आधीच ठरवावे. विमानतळावर दिलेल्या नमुन्याचा उपयोग तो देणाऱ्या प्रवाशाला फार थोडा असतो. त्याने मिळते ती पूर्वसूचना आणि तिचा लाभ अख्ख्या शहराला होतो. कस्तुरबात खाटा किती वाढवायच्या, कुठले औषध मागवायचे, शाळा उघड्या ठेवायच्या की नाही, हे त्या माहितीवर ठरते. मग तिचे बिल आखातात मजुरीला निघालेल्या माणसाच्या हातात का द्यायचे? शहराचे काम आहे, तर खर्चही शहराच्या आणि राज्याच्या आरोग्याच्या अंदाजपत्रकातूनच व्हायला हवा.